कार्ड: एका पानाची वेबसाइट आणि तिची उपयोगी मर्यादा

‘आमच्याबद्दल’चा मजकूर सातव्यांदा लिहून होतो, लोगोचा निळा किंचित गडद करून पाहिला जातो, आणि साइट मात्र ड्राफ्टमध्येच पडून. ज्यांचं घोडं असं अडलंय त्यांच्यासाठी कार्ड (इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आर’ दोनदा) हा वेबसाइट बिल्डर बघण्यासारखा आहे. २०१६ पासून तो चालू आहे आणि एकाच पानाच्या साइट बनवतो. ब्लॉग नाही, खरेदीची पूर्ण यंत्रणा नाही.

मोफत खात्यात तीन साइट मिळतात, प्रत्येकीत १०० एलिमेंट. मजकुराचा एक ठोकळा, एक चित्र, एक रेघ, असं एकेक मोजलं जातं. छोट्या व्यवसायाला सुरुवातीला पंचवीस-तीस भरपूर झाले: नाव, काय करता ते एका ओळीत, दर, वेळा, कुठे सेवा देता, कामाचे तीन फोटो आणि फोनचं बटण. बटणाच्या लिंकमध्ये ‘टेल’ (इंग्रजीत tel), कोलन आणि देशाच्या कोडसह नंबर टाकला की मोबाइलवर थेट कॉल लागतो. ‘ग्राहक काय म्हणतात’ हा भाग ग्राहक बोलल्यावर जोडावा. खोटे अभिप्राय भरून जागा सजवू नये.

वेळ खाणाऱ्या गोष्टी इथेही आहेतच. पान उघडतानाची ॲनिमेशन, पार्श्वभूमीचे ग्रेडियंट, कडांची गोलाई यांत अख्खी दुपार जाते आणि ग्राहकाला त्यातलं काही आठवत नाही. टेम्प्लेट निवडायला वीस मिनिटं द्या. फॉन्ट आणि रंग आहेत तसे ठेवा, आधी मजकूर भरा. उलट क्रमाने गेलात तर नमुन्यातल्या दोन शब्दांच्या शीर्षकावर बेतलेली मांडणी तुमच्या सात शब्दांच्या शीर्षकाने मोडते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

प्रकाशित करण्यापूर्वी एवढंच तपासा: नमुन्यातला लॅटिन मजकूर कुठे उरलाय का, प्रत्येक बटण कुठेतरी नेतं का, आणि खऱ्या फोनवर रकाने एकाखाली एक आल्यावर दर दिसतात का. शेअरिंगचं चित्र, म्हणजे लिंक पाठवल्यावर तिच्यासोबत दिसणारं (१२०० बाय ६३० पिक्सेल चालतं), मात्र लिंक कुणालाही पाठवण्याआधीच लावा. मेसेजिंग ॲप जुना प्रीव्ह्यू साठवून ठेवतात, मग चित्र बदललं तरी लोकांना जुनंच दिसत राहतं. घाईत राहून गेलं तर त्रास देणारी ही गोष्ट. बाकीचं नंतर बदलता येतं.

पैसे भरण्याआधी प्लॅन नीट वाचा. स्वतःचं डोमेन आणि संपर्क फॉर्म हवा असेल तर प्रो स्टँडर्ड लागतो. त्याखालच्या लाइटमध्ये दोन्ही नाहीत. डोमेन जोडताना सांगितलेले डीएनएस रेकॉर्डच (डोमेन कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी) बदला, नेमसर्व्हर (त्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) नको. नेमसर्व्हर हलवले आणि ईमेल कुठे पोचवायची ते सांगणारे जुने एमएक्स रेकॉर्ड तिकडेच राहिले की त्या डोमेनवरची ईमेल बंद पडते. बदल सगळीकडे पोचायला काही तासांपासून दोन दिवसही लागू शकतात. त्या वेळात साइट उघडली नाही म्हणून सेटिंग पुन्हा पुन्हा उलटसुलट करू नका. फॉर्म लावलात तर दुसऱ्या पत्त्यावरून एक चाचणी पाठवा आणि स्पॅमही उघडून बघा.

खरी उणीव शोधयंत्रांच्या बाबतीत आहे. विभाग वेगवेगळ्या पानांसारखे दिसले तरी पत्ता एकच राहतो, मागे फक्त हॅशचं चिन्ह आणि नाव लागतं. दहा सेवा आहेत आणि प्रत्येक सेवा गूगलवर स्वतंत्रपणे सापडायला हवी, तर कार्ड घेऊ नका. वर्डप्रेससारखं अनेक पानांचं साधन बघा.

साइट सुरू झाल्यावर पाच जणांना फोनवर उघडायला सांगा, ‘दर शोधा’ म्हणा आणि गप्प बसा. जिथे दोघं-तिघं अडखळतात तेवढंच दुरुस्त करा. मोठा बदल करायचा असेल तर साइटची डुप्लिकेट काढून तिच्यावर प्रयोग करा. तीनपैकी एक जागा तेवढी त्यासाठी मोकळी ठेवा.