तळपायाच्या चामखिळीवर सॅलिसिलिक ॲसिडचं पेंट: गणपती ते होळी वापरून

आधी निकाल सांगते. उजव्या पायाच्या अंगठ्यामागच्या गादीवर एक मोठी चामखीळ होती आणि तिच्या शेजारी दोन बारक्या. बारक्या दिवाळीनंतर गेल्या, मोठी जायला होळी उजाडली. औषध चांगलं आहे. फक्त ते नुसतं लावत बसून काही होत नाही. लावण्याआधी पाय भिजवायचा आणि घासायचा असतो, आणि तीच सूचना खोक्यातल्या चिठ्ठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत असते. ओळखीतल्या किती तरी जणांनी ही बाटली पंधरवड्यात "उपयोग नाही" म्हणून कपाटात टाकलेली पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी वापरलं त्यात १६.७ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि तेवढंच लॅक्टिक ॲसिड आहे. कंपन्यांची नावं वेगवेगळी असली तरी दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर हेच प्रमाण दिसेल. औषध कोलोडियन नावाच्या, वाळल्यावर पापुद्रा धरणाऱ्या चिकट द्रवात असतं, त्यामुळे लावलं की लगेच वाळून पातळ पापुद्रा धरतो. वास नेलपॉलिशसारखा उग्र. आणि हे पेट घेणारं आहे, तेव्हा गॅसजवळ किंवा देवघरात समई चालू असताना बाटली उघडू नका.

आमच्या भागातल्या एका मेडिकलवाल्याने पाय बघून "कुरूप आहे" म्हणत कॉर्न कॅपचं पाकीट हातात दिलं होतं. घामाने ती गोल पट्टी बुटात सरकायची आणि शेजारची चांगली कातडी पांढरी पडून सोलायची. मग नौपाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी ब्लेडने वरचा टणक थर हलकेच खरवडला आणि भिंग हातात देऊन मलाच बघायला सांगितलं. आत खसखशीएवढे काळे ठिपके होते. त्या रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या. तळव्यावरच्या रेषा चामखिळीपाशी येऊन तुटत होत्या आणि तिला वळसा घालून जात होत्या. कुरूपात रेषा साधारण तशाच पुढे जातात आणि ठिपके नसतात. आणखी एक खूण त्यांनी करून दाखवली: कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाचे जिने चढताना जो खडा टोचल्यासारखा त्रास व्हायचा, तो बूट बदलून जाणार नव्हता हे तेव्हा कळलं.

चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि पायाला होणाऱ्या चामखिळींमागे बहुतेक वेळा १, २, ४, २७, ५७ हे प्रकार असतात. ओल्या, मऊ पडलेल्या किंवा बारीक चीर गेलेल्या कातडीतून तो आत शिरतो आणि चामखीळ दिसायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. त्यामुळे नेमकी कुठून आली हे शोधत बसण्यात अर्थ नाही. "मुळापासून उपटली पाहिजे" असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. चामखिळीला मूळ नसतं. ती त्वचेच्या वरच्या थरातच वाढते आणि तळव्यावर शरीराचं वजन पडत असल्यामुळे आत दाबली जाते. सॅलिसिलिक ॲसिड विषाणूला मारत नाही. ते बाधित कातडी सैल करून थराथराने काढतं आणि त्या जागी होणाऱ्या थोड्या दाहामुळे आपली प्रतिकारशक्ती तिकडे वळते.

आता पद्धत, कारण सगळं यश त्यात आहे. रात्री झोपण्याआधी टबात कोमट पाणी घेऊन पाय पाचेक मिनिटं बुडवायचा. पुसून कोरडा करायचा आणि मऊ पडलेला पांढरा थर एमरी बोर्डने (नखं घासायची खरखरीत पट्टी) घासून काढायचा. रक्त येईपर्यंत घासू नका. गुलाबीसर झालं, चुरचुरायला लागलं की थांबा. मग चामखिळीभोवती गोल करून व्हॅसलीन लावायचं, म्हणजे औषध पसरून चांगली कातडी भाजत नाही. झाकणाला लावलेला ब्रश माझ्या बारक्या चामखिळींना फारच जाड पडला, म्हणून मी टूथपिकच्या टोकावर थेंब घेऊन लावायचे. वाळला की वरून चिकटपट्टी. दुसऱ्या रात्री पट्टी काढली की खालचा पापुद्रा पांढरा, रबरासारखा झालेला असतो आणि नखाच्या कडेने सहज निघतो. तो काढल्याशिवाय नवीन थर चढवला तर औषध खाली पोचतच नाही.

सुरुवातीचे काही आठवडे चामखीळ आधीपेक्षा मोठी आणि भेसूर दिसते, कारण वरचं झाकण निघून खालचे काळे ठिपके उघडे पडतात. बहुतेक जण नेमके इथेच सोडतात. आग व्हायला लागली की मी एक-दोन रात्री सुट्टी द्यायचे आणि परत सुरू करायचे. पूर्ण गेली हे ओळखायची खूण एकच: ठिपके नाहीसे होऊन तळव्याच्या रेषा त्या जागेवरून सलग जायला लागल्या पाहिजेत. नुसती सपाट झाली म्हणून थांबलं तर ती परत उगवू शकते.

"एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा गोठवून टाक" हा सल्ला मलाही मिळाला. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, दोन-तीन आठवड्यांनी परत परत जावं लागतं आणि तळव्यावर फोड आला की चालणं मुश्कील. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली तळपायाच्या चामखिळींवरची एक चाचणी आली होती. तिच्यात २४० रुग्ण होते. काहींनी घरी ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड लावलं, काहींची चामखीळ गोठवली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण बरे झालेले १४ टक्केच. हा आकडा वाचून निराश होऊ नका, पण तीन महिन्यांत जाणं हे गृहीत धरू नका, एवढं त्यातून नक्की घ्या. लहान मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा एक-दोन वर्षांत आपोआप जातात, दुखत नसतील तर थांबायलाही हरकत नाही.

आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या टाचेलाही असंच काहीतरी झालं तेव्हा त्यांनी माझी बाटली मागितली आणि मी दिली नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळू शकते. पायात रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांनी थेट डॉक्टरांकडेच जावं. बिब्बा किंवा चुना-सोडा तर कोणीच लावू नये. बिब्ब्याने उतलेला एक पाय मी गावी पाहिला आहे.

घरात पसरू नये म्हणून सगळ्यात आधी बाथरूममधली वज्री काढली. एकाच वज्रीने सगळं घर टाचा घासत होतं. आता ज्याची त्याची वेगळी आहे, आणि माझा एमरी बोर्ड तर फक्त चामखिळीपुरता, काम झालं की कचऱ्यात. पायपुसणं, टॉवेल, मोजे वेगळे. मुलगा पोहायला जातो, त्याला तरणतलावाच्या काठावर आणि शॉवरखाली रबरी चपला सक्तीच्या केल्या आहेत. पावसाळ्यात ऑफिसला पोचल्यावर मी मोजे बदलते आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. चामखीळ होती तोवर देवळात अनवाणी जाताना वॉटरप्रूफ पट्टी लावून जायचे.

दोन तक्रारी आहेत. झाकण जरा सैल राहिलं की औषध घट्ट होऊन तार धरतं आणि अर्धी बाटली वाया जाते. दुसरं, चिठ्ठी मराठीत नाही. ज्यांना ती वाचायची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही. किंमत डॉक्टरांच्या एका फीपेक्षा कमी आहे, पण ती फी आधी भरा आणि चामखीळच आहे याची खात्री करून मगच बाटली आणा.