बेटावर वीज न्यायची: एसी केबल की डीसी?

ग्रीसच्या क्रीट बेटावर समुद्राखालून दोन वाहिन्या येतात, आणि दोन्ही वेगळ्या जातीच्या. मुख्य भूमीवरच्या पेलोपोनीजहून २०२१ मध्ये आलेली १५० केव्ही (किलोव्होल्ट) एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज. अथेन्सच्या बाजूने २०२५ मध्ये सुरू झालेली ५०० केव्ही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, क्षमता १,००० मेगावॉट. दोन्हींमधून निवड करायची असेल तर क्रीटपासूनच सुरुवात करावी.

आधी अंतर मोजा. समुद्रातली एसी केबल म्हणजे वीज साठवणारा लांबलचक कपॅसिटरच. आतली तार आणि बाहेरचं धातूचं आवरण यांमधलं इन्सुलेशन सेकंदाला ५० आवर्तनांनी भरत-रिकामं होत राहतं, आणि त्यातच केबलची बरीचशी क्षमता अडकते. लांबी वाढली की बेटाच्या वाट्याला उरणारी वीज घटते. दोन्ही टोकांना रिअ‍ॅक्टर (हा परिणाम भरून काढणारी मोठी वेटोळी) बसवून हे सावरता येतं, पण भर समुद्रात ते कुठे बसवणार? पेलोपोनीजची केबल पाण्याखाली सुमारे १३२ किलोमीटर आहे. मोठ्या प्रमाणात वीज एसीने न्यायला हे अंतर जवळजवळ टोकाचंच.

डीसीला ही अडचण नाही. म्हणून तर स्वीडनने १९५४ मध्येच गॉटलंड बेटाला शंभरेक किलोमीटरवरून २० मेगावॉट डीसीनेच दिले. मात्र दोन्ही किनाऱ्यांवर एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारं कन्व्हर्टर स्टेशन लागतं, आणि खरा पैसा तिथे जातो. घारापुरीला २०१८ मध्ये साडेसात किलोमीटरच्या केबलने वीज पोचली. अशा ठिकाणी एसीच हवं, डीसीचा विचारही करू नये.

डीसी घ्यायचं ठरलं तर कन्व्हर्टरचा प्रकार नीट विचारून घ्या. जुन्या थायरिस्टर (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) पद्धतीला बेटावर आधीच चालू असलेलं भक्कम ग्रिड लागतं. नव्या व्हीएससी पद्धतीने (तिचा कन्व्हर्टर स्वतःच व्होल्टेज उभं करतो) अंधारात गेलेलं बेटही पुन्हा उभं करता येतं. लहान बेटासाठी मी व्हीएससीच घेईन.

पण एसी-डीसीच्या वादात मोठी गोष्ट मागे पडते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाची बासलिंक ही डीसी केबल डिसेंबर २०१५ मध्ये बिघडली आणि जवळपास सहा महिने बंद राहिली. वीज बनवणारी धरणं आटलेली होती, बाहेरून डिझेल जनरेटर आणावे लागले. माल्टाची एसी केबल डिसेंबर २०१९ मध्ये जहाजाच्या नांगराने तुटली आणि देश अंधारात गेला. जात कुठलीही असो, एकाच केबलवर बेट सोडणं मला धोक्याचं वाटतं. एका मोठ्या केबलऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी दोन लहान टाका, आणि बेटावरचे जुने डिझेल संच लगेच भंगारात काढू नका.

माझा ढोबळ हिशेब असा: ५० किलोमीटरच्या आत एसी, शंभराच्या पुढे डीसी. मधल्या अंतरासाठी दोन्हींचे दर मागवा, आणि निविदेतच विचारा की केबल तुटल्यावर दुरुस्तीचं जहाज किती दिवसांत येईल आणि जोडायला लागणारी सुटी केबल कुठल्या गोदामात ठेवलेली असेल.