घुशीचा जाळीचा पिंजरा: गोठ्यासाठी घ्या, खारबांधासाठी नको

पेणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही आठवडा बाजारात हार्डवेअरच्या दुकानाबाहेर टांगलेला दिसतो तो हाच पिंजरा: तारेची जाळी, एक दार, वरून स्प्रिंग आणि आत आमिष लावायचा आकडा. दुकानदार तो "उंदीर-घूस दोन्हीला चालतो" म्हणून हातात देतो. उंदराला चालतो, यात वाद नाही. घुशीसाठी घ्यायचा तर निम्मे पिंजरे तिथेच टांगलेले राहू द्यावेत.

पहिलं बघायचं ते लांबी. मोठी घूस नुसत्या धडाने फूटभर भरते आणि वजनाने किलोच्या घरात जाते. आखूड पिंजऱ्यात तिचं तोंड आकड्याला लागतं तेव्हा मागचा भाग अजून दारातच असतो. दार पाठीवर आपटतं, घूस मागे सरकून निसटते आणि मग त्या पिंजऱ्याच्या वाटेला जात नाही. आकडा दारापासून सव्वा ते दीड फूट आत हवा. जाळी अर्ध्या इंचाची बघा. इंचाच्या जाळीतून पिल्लं आरामात बाहेर पडतात. आकड्याकडची मागची बाजू पत्र्याने बंद असेल तर फारच चांगलं, नाहीतर बाहेरूनच खोबरं ओढून नेतात आणि सकाळी पिंजरा उघडाच्या उघडा.

दुसरी गोष्ट खिट्टीची. स्वस्त पिंजऱ्यात दार फक्त स्प्रिंगच्या जोरावर बंद राहतं. अडकलेली घूस दाराच्या फटीत नाक खुपसून मान वर करते, आणि तिच्या मानेत तेवढी ताकद असते. दुकानातच परीक्षा घ्या: दार पाडा, पिंजरा उलटा करा आणि दोन-तीन हिसडे द्या. दार किलकिलं झालं तर परत टांगा. आकडा बोटाने नाही, पेन्सिलीच्या टोकाने हलवून बघा. जोर लावावा लागला तर त्यावर उंदीर रोज जेवून जाणार.

किनाऱ्यावर पिंजरा मरतो तो गंजाने. जाळी गॅल्व्हनाइज्ड असली तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळलेलं असतं आणि खाऱ्या हवेत गंज नेमका तिथूनच धरतो. नवीन पिंजऱ्याच्या सांध्यांवर रंगाचा एक हात मारून, वास जाईपर्यंत आठवडाभर उन्हात ठेवला तर तो टिकतो. स्प्रिंगला मात्र रंग लावू नये, तेल लावावं.

आमिषाला पोळीचा तुकडा लावायची सगळीकडे सवय आहे. पावसाळ्यात त्यावर एका रात्रीत बुरशी येते. सुकं खोबरं विस्तवावर भाजून आकड्यात घट्ट अडकवलं तर दोन रात्री टिकतं. सुकट-बोंबलाचा वास लांब जातो खरा, पण घुशीच्या आधी मुंगळे पोचतात. पहिले तीन दिवस दार सुतळीने उघडं बांधून नुसतं खायला घालावं. हा कंटाळा केला तर मग पिंजऱ्याला नावं ठेवू नयेत. जागा म्हणजे भिंतीच्या कडेने, ताज्या उकरलेल्या मातीजवळ. गोठ्याच्या मधोमध कधीच नाही.

एवढं जमवलं की गोठा, पेंढ्याची उडवी, नारळाची खोली इथे हा पिंजरा उत्तम. मांजर किंवा मुंगूस अडकलं तर जिवंत सोडता येतं, हा त्याचा मोठा गुण.

खारबांधावर, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधावर, मात्र तो कुचकामी. बांधाच्या उतारावर तो सपाट बसत नाही, दार तिरकं पडून अडतं, आणि चिखल लागला की आकडा जागचा हलत नाही. शिवाय बांधावर घुशीच्या जोडीला शेतातला काळा उंदीर असतो. तो बिळाचं तोंड आतून भुसभुशीत मातीने बुजवून घेतो, त्यामुळे कुठलं बीळ चालू आहे हे नुसतं बघून कळत नाही. संध्याकाळी दिसतील ती सगळी बिळं पायाने दाबून बंद करावीत. सकाळी जी उघडली तीच चालू. मुठ्यांची, म्हणजे शेतातल्या खेकड्यांची, बिळं यात धरू नका. मुठ्याच्या बिळाभोवती ओल्या मातीच्या गोळ्या असतात. उंदराच्या तोंडाशी सैल मातीचा ढीग असतो आणि आसपास तिरके कापलेले भाताचे फुटवे पडलेले दिसतात.

इथे पैसे घालायचे ते लोखंडी चापात. एका बऱ्या पिंजऱ्याच्या किमतीत तीन-चार येतात. चाप चालू बिळाच्या तोंडाशी, वाटेला आडवा लावावा आणि खुंटीला तारेने बांधावा, नाहीतर अर्धमेली घूस चापासकट खाजणात (खाडीकाठच्या दलदलीत) जाते. वर एक कौल तिरपं ठेवलं की पाणकोंबडीचा पाय वाचतो. तिन्हीसांजेला लावायचा आणि उजाडताच उचलायचा. दिवसा मांडून ठेवलेल्या चापात मुंगूस मरतं, म्हणजे फुकट काम करणारा गडी गेला. चिकट पुठ्ठे शेतात अजिबात आणू नयेत. दवाने त्यांचा चिकटपणा जातोच, वर धामण आणि सरडे अडकून तडफडून मरतात.

वेळही बघून लावा. मे-जूनमध्ये खाचरं मोकळी असतात, सगळा उंदीर बांधात असतो आणि भुकेलाही असतो. भात पोटरीत आल्यावर समोर शेत भरलेलं असताना खोबऱ्याला कोण विचारतो! आणि एकट्याच्या बांधावर लावून भागत नाही. शेजारच्या बांधावरून आठवड्याभरात नवे येतात.

चापात मिळालं की काम संपत नाही. रिकामं बीळ ही बांधातली नळीच असते. उधाणाची भरती तिच्यातून आत शिरली की माती धुपत जाते आणि खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. तोंडावर ढेकूळ दाबून उपयोग नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, पाणी कमी असताना बीळ शेवटापर्यंत खणून थराथराने चिखल ठोकावा.

मेलेला उंदीर पाटात फेकू नये. त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू पाण्यात जातात आणि लावणीला सगळे त्याच पाण्यात अनवाणी उतरतात. हातमोजे घालून दोन फूट खोल पुरावा.

डोंगराकडच्या शेतात वेगळी खबरदारी. वीतभर किंवा त्याहून रुंद बीळ आणि तोंडाशी काटे पडलेले असतील तर ते साळिंदराचं. फोडलेली वारुळं आणि नखांनी ओरबाडलेली माती दिसली तर खवले मांजर असू शकतं. चांदी अस्वल (रॅटेल, खरं अस्वल नव्हे) क्वचित दिसतं, तेही बिळातच राहतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली तिघांनाही संरक्षण आहे. तिथे चाप, धूर, विष काहीही लावणं गुन्हा आहे. साळिंदर सुरणाचे कांदे उकरत असेल तर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवावं आणि तक्रारीची नोंद करून घ्यावी.