महाराष्ट्रातल्या मॅरेथॉनचं खोटं बोलावणं: इटेनच्या एका पोराची फसवणूक

तुमच्या रनिंग ग्रुपवर एखाद्या केनियन धावपटूचा फोटो, त्याची १० किलोमीटरची वेळ आणि खाली ‘तिकिटासाठी मदत करा’ असा मेसेज आला, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. असाच एक मेसेज पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रुपांवर फिरला. त्या फोटोतल्या पोराला मी ओळखतो. त्याच्या नावावर जे काही गोळा झालं त्यातला छदामही त्याच्यापर्यंत पोचला नाही. उलट त्याच्या घरची दुभती गाय विकली गेली, आणि थोडे पैसे माझेही बुडाले.

मी मूळचा इचलकरंजीचा. पश्चिम केनियात एल्डोरेटला कापडगिरणीत मेंटेनन्स बघतो. एल्डोरेट साधारण २,१०० मीटर उंचीवर. तिथून मटाटूने, म्हणजे तिकडच्या वडापने, तासाभरात इटेन लागतं, ते आणखी वर, २,४०० मीटरवर. सुट्टी जमेल तेव्हा मी तिकडे धावायला जातो. धावायला म्हणजे त्या पोरांच्या मागे धूळ खायला. गुरुवारी सकाळी नऊला फार्टलेक असतो: एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू, मातीच्या रस्त्यावर शंभर-दोनशे गडी एकदम सुटतात. कोणीही यावं, फी नाही, नाव लिहायचं नाही. हा पोरगा तिथेच ओळखीचा झाला.

वय १९. शाळा संपलेली. बाप मका पिकवतो, आई डेअरीला दूध घालते. इटेनला पत्र्याच्या एका खोलीत तिघे राहतात, भाडं आणि उगालीचं, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचं, पीठ वाटून. पायातले बूट एका परदेशी धावपटूने जाताना देऊन टाकलेले, थोडे मोठेच, म्हणून दोन मोजे चढवायचे. त्या विरळ हवेत १० किलोमीटर साडेएकोणतीस मिनिटांत. आपल्याकडे एवढ्या वयात कोणी ही वेळ लावली तर पेपरात फोटो येईल. इटेनमध्ये त्याच्याच गल्लीत तेवढं धावणारे चौघे असतील. स्थानिक शर्यतीत पहिल्या काही जणांना बक्षीस मिळतं, ते खोलीभाड्यात संपतं. पैसा आहे बाहेरच्या शर्यतींत, आणि तिथे न्यायला मॅनेजर लागतो.

त्यात डोळ्यासमोर केल्विन किप्टम. त्याच डोंगरातला, लहानपणी गुरं राखलेला. डिसेंबर २०२२ मध्ये व्हॅलेन्सियाला पहिली मॅरेथॉन धावला, २:०१:५३. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५, विश्वविक्रम. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडीच्या अपघातात गेला तेव्हा जेमतेम २४ वर्षांचा. त्याच्या मरणापेक्षा या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलंय ते मधलं अंतर: पहिल्या मॅरेथॉनपासून विक्रमापर्यंत एक वर्षसुद्धा लागलं नाही. बाहेरच्या शर्यतीचा एक बिब नंबर, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, मिळाला की झालं, असं प्रत्येकाला वाटतं. ‘मॅनेजर’ विकतात ते हेच.

आमचा मॅनेजर एका स्थानिक शर्यतीनंतर भेटला. केनियनच. इंग्रजी चांगलं, गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड, फोनमध्ये विमानतळावरचे फोटो. युरोपचा व्हिसा अवघड, इंडिया सोपा, असं म्हणाला. मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिल्या नंबरला ५०,००० डॉलर मिळतात हा आकडाही त्याने सांगितला, आणि तो खरा आहे. मग म्हणाला, मुंबईला मोठी नावं येतात, तू आधी लहान शर्यत मार. आणि महाराष्ट्रातल्या एका शहराचं नाव घेतलं. पोराने मला विचारलं, ‘‘बॉस, हे गाव खरंच आहे का?’’ गाव आहे. तिथली मॅरेथॉनही खरी आहे. खऱ्याला खोटं असं चिकटवलेलं होतं की सांधा दिसू नये.

पैसे हप्त्याहप्त्याने मागितले. आधी ‘नोंदणी’चे १५,००० शिलिंग. मग व्हिसाचे २०,०००. हे मी पोराच्या एम-पेसावर, म्हणजे तिकडच्या मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर, टाकले आणि त्याने पुढे पाठवले. मग तिकिटाचा ‘अर्धा वाटा’ ६०,०००, ज्याच्यासाठी गाय गेली. सगळे मिळून आपले साठ हजारांच्या घरात रुपये. दर वेळी मुदत आज संध्याकाळपर्यंत, नाहीतर जागा दुसऱ्याला. एम-पेसावर पैसे सोडण्याआधी समोरच्याचं नोंदलेलं नाव पडद्यावर येतं. मॅनेजरच्या जागी कुणा बाईचं नाव आलं. ‘‘माझी अकाउंटंट,’’ तो म्हणाला. अकाउंटंट असलेला माणूस पैसे मागायला मोटरसायकल टॅक्सीवरून येत होता, ते सोडा.

बोलावण्याचं पत्र सगळे पैसे मिळाल्यावरच हाती पडलं, आणि पोराने ते मला पाठवलं. वर आयोजकांचा लोगो, खाली ‘महाराष्ट्र क्रीडा मंत्रालय’ अशा नावाने सही. पत्त्यातला पिन कोड पाच आकडी! केनियात पोस्टाचा कोड पाच आकडी असतो, एल्डोरेटचा ३०१००. पत्र बनवणाऱ्याने आपला पिनही तसाच असेल असं धरलं होतं. पुढे लिहिलं होतं, बक्षीस त्याच संध्याकाळी रोख. मोठ्या शर्यतींत उत्तेजक चाचणीचे अहवाल आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून आपल्याकडे २० टक्के कर, वर उपकर, आधीच कापतात. रोख कुठलं?

मग मी बाकीचे कागद घेऊन बसलो. तिकिटावर पीएनआर होता, विमान कंपनीच्या साइटवर पोराचं नावही दिसत होतं. पण १३ आकडी ई-तिकीट नंबर नव्हता. म्हणजे पैसे न भरता जागा नुसती धरून ठेवलेली. मुदत संपली की ती आपोआप सुटते, तशी सुटलीच. व्हिसाच्या कागदावर अर्ज क्रमांक होता. भारत सरकारच्या ई-व्हिसा साइटवर अर्ज क्रमांक आणि पासपोर्ट नंबर टाकला की स्थिती कळते. तिथे असा अर्जच नव्हता.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट. केनियातून भारतात उतरायचं तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, आणि लस निदान १० दिवस आधी घेतलेली लागते. दाखला नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. मी दर वेळी घरी येतो तेव्हा ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवतो. ज्याने नैरोबीहून मुंबईला एक तरी माणूस पाठवलाय, तो या कार्डाचं पहिल्यांदा विचारणार. याने त्याचा शब्दही काढला नव्हता, आणि पोराने लस घेतलेली नव्हती.

मी शर्यतीच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं, ‘‘अहो, आम्ही यंदा परदेशी खेळाडू बोलावलेलेच नाहीत. आणि हे विचारणारे तुम्ही पहिले नाही.’’

त्याच सुमारास सांगलीच्या एका मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. फोटो आमच्या पोराचा, त्या मोठ्या बुटांसकट. मजकूर असा की हा अनाथ मुलगा आपल्या मॅरेथॉनसाठी येतोय, तिकिटाचे पैसे कमी पडताहेत, आणि खाली यूपीआयचा भारतातला नंबर. म्हणजे इकडचाही कोणीतरी सामील. तिकिटाचे पैसे पोराच्या बापाकडूनही घेतले आणि आपल्याकडच्या हौशी धावणाऱ्यांकडूनही. त्याची आई धडधाकट आहे, तिने स्वतःच्या हाताने गाय दावणीतून सोडून दिली, आणि इकडे तिला मारून टाकून वर्गणी मागत होते. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची.

खरे मॅनेजर कसे चालतात ते सांगतो. वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या वेबसाइटवर अधिकृत प्रतिनिधींची यादी असते, कुणालाही बघता येते. ते आपला हिस्सा, सहसा १५ टक्के, खेळाडूच्या कमाईतून नंतर घेतात. तिकीट, व्हिसा ते आधी स्वतः भरतात आणि मग वळते करतात. परदेशात धावायला अॅथलेटिक्स केनिया या तिकडच्या राष्ट्रीय संघटनेचं परवानगीपत्र लागतं. आमचा मॅनेजर त्या यादीत नव्हता, आणि परवानगीपत्राचं विचारल्यावर ‘‘ते मी बघतो’’ म्हणाला होता. पोराला हे माहीत असायला हवं होतं, असं मला इथल्या काही जणांनी ऐकवलं. १९ वर्षांच्या पोराला कोण सांगणार? ज्यांना चांगला मॅनेजर मिळालाय ते मोठ्या कॅम्पात असतात, आणि हा कॅम्पाबाहेरून त्यांना पळताना बघतो.

पोराने इटेनच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ओबी नंबर मिळाला, म्हणजे ठाण्याच्या नोंदवहीतला क्रमांक; एम-पेसाचे मेसेज जोडले. मॅनेजरचा फोन त्याच दिवसापासून बंद. मित्राने इकडे १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करून यूपीआय नंबराची तक्रार नोंदवली. ते खातं गोठवलं, पण आत काही उरलं नव्हतं. तुमच्याकडून असे पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० वर कळवा. उशीर झाला की खातं रिकामं असतं. आणि त्या पोराला काही द्यायचंच असेल, तर आधी व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोला आणि पैसे थेट त्याच्याच नावावर, नाव बघून पाठवा. मध्ये ‘समन्वयक’ नको.

पोरगा धावतोय. गुरुवारच्या फार्टलेकमध्ये परवा पुढच्या टोळक्यात होता. घरी मात्र दुसरी गाय अजून आलेली नाही.

शर्यतीच्या ऑफिसातल्या बाईंना मी एक विनंती केली आणि त्यांनी ती मानली: वेबसाइटवर इंग्रजीत दोन ओळी टाकल्या, की यंदा परदेशी खेळाडूंना निमंत्रण नाही, आणि निमंत्रणाचं पत्र आलंच तर या ईमेलवर विचारून घ्या. बाकीच्या शहरांच्या आयोजकांनीही तेवढं करावं, आणि ईमेल आला तर त्याला उत्तर द्यावं. इटेनमध्ये खोलीत बसलेल्या पोराजवळ खरं-खोटं तपासायला फोनवरची ती वेबसाइटच असते.