गावातला बचतगटाचा डबा: आईसाठी लावलाय, माझा अनुभव

आमचं गाव लांजा तालुक्यात, वाडीत आई एकटी असते, वय ७८. आम्ही भावंडं डोंबिवली आणि विरारला. गेल्या पावसाळ्यापासून तिला गावातल्या बायकांच्या बचतगटाचा डबा लावलाय, ओळखीचे बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहिते. गटाचं नाव टाकत नाही कारण थोड्या तक्रारी पण आहेत.

आधी जेवण. फक्त दुपारचा डबा, ७० रुपये. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी नाहीतर काळ्या वाटाण्याची आमटी, एक भाजी, दोन तांदळाच्या भाकऱ्या, मासे मिळाले तर त्याचे पैसे वेगळे. स्टीलचा डबा, प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नाहीत. चव घरचीच. आईचं म्हणणं, "जेवान बरा हाय, पन मिठाला कमी." ते कमी आहे कारण तिला बीपी आहे आणि गटातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची औषधं विचारून घेतली, कोणाला साखर, कोणाला बीपी, कोणाला दात नाहीत म्हणून भाकरी मऊ. हे मुंबईतल्या डबेवाल्यांनी मला कधी विचारलेलं नाही.

आता डबा लागलाच का, तर पूर्वी आमच्याकडे पुरुष मुंबईला मिलमध्ये जायचे आणि मनीऑर्डर यायची, पण बायका-पोरं गावात असायची त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला सून होती, नातवंडं होती, शेजारून वाटीभर कालवण यायचं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या त्या ह्याच कारणाने. आता अख्खं घरच जातं, मुलांच्या इंग्लिश मिडीयमसाठी सून पण जाते. त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झालेली दिसते, आणि आमच्या वाडीत फिरलात तर कुलूपंच जास्त दिसतील, गणपती आणि शिमग्याला तेवढी उघडतात. आई एकटीसाठी चूल कशाला पेटवायची म्हणून सकाळीच पेज करून ठेवायची आणि लोणच्याशी तीच दोन वेळा खायची, आम्हाला फोनवर सांगायची जेवले म्हणून. वजन उतरलेलं आम्हाला मे महिन्यात गेल्यावर कळलं.

सुरुवातीला ती डब्याला तयारच नव्हती. मुलांनी टाकली म्हणतील लोक, हे एकच. ते सुटलं कसं तर गटवाल्यांनी तिच्याकडून कुळीथ विकत घ्यायला सुरुवात केली, मग कोकमं, मग आमसुलं वाळवताना तिला बोलवायला लागले कारण तिच्या हातची आमसुलं काळी पडत नाहीत. तिचे पैसे तिच्या हातात देतात. शिवाय गुरुवारी डबा घरी येत नाही, ज्यांना चालता येतं ते गटाच्या शेडमध्ये एकत्र जेवतात. त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवते आणि संध्याकाळी फोनवर कोणाचं काय चाललंय ते सगळं सांगते, नाहीतर आधी बोलण्यासारखं काही नसायचंच तिच्याकडे. माझ्या मते ह्या सर्व्हिसची खरी किंमत गुरुवारची आहे.

तक्रार नंबर एक, आणि ही मोठी आहे. मेन्यू व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरतो आणि ग्रुपमध्ये आम्ही मुलं-सुना, म्हणजे मुंबई-पुण्याचे पैसे भरणारे. जेवणारे ग्रुपवर नाहीतच, त्यांच्याकडे बटणाचे फोन. कोणीतरी लिहिलं वयस्करांना रात्रीसाठी ओट्स द्या, चार जणांनी अंगठे दिले आणि खरंच ओट्स पोचले, निम्मे गुरांच्या पाटीत गेले. काय खायचं हे जेवणाऱ्या माणसाला विचारा, डबा द्यायला जाताच ना दारात, तिथेच उद्याचं विचारून घ्या. मी सांगितलंय, गटातल्या काकी बघतो म्हणाल्या, अजून झालेलं नाही.

दुसरं, जोराच्या पावसात पऱ्या (ओढा) भरला की आमच्या वाडीत डबा येत नाही आणि कळवत पण नाहीत. आई दीड-दोन वाजेपर्यंत थांबते. एक फोन करा बाकी काही नको.

तिसरं पैशाचं. ज्याला फक्त श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० मिळतात त्याला रोजचे ७० झेपणार कसे, महिन्याचे २१०० होतात. गट अशा तिघा-चौघांना ४० मध्ये देतो आणि तो फरक स्वतः सोसतो, जे फार दिवस चालणार नाही. म्हणून आम्ही काही जण महिन्याला एका जास्तीच्या डब्याचे पैसे भरतो, तुम्ही लावलात तर तुम्ही पण भरा, कोणाला जातो ते विचारू नका, गटवाले सांगत नाहीत आणि ते बरोबर आहे.

पाचपैकी चार स्टार. पाचवा आईला मेन्यू विचारायला लागले की देईन. गणपतीत दहा दिवस बंद असतो आणि रात्रीचं जेवण नाही, ते धरून चाला. पैसे महिन्याचे आगाऊ, जीपे चालतं.