गोव्यासाठी मॉडेलला कुठला पाऊस द्यावा: ईआरए५-लँड की हवामान खात्याचा ग्रिड?

गोव्यातल्या म्हादई नदीच्या खोऱ्यावर सीएलएम किंवा नोआ-एमपीसारखं लँड सरफेस मॉडेल (जमिनीवरचं पाणी आणि उष्णता यांचा हिशेब करणारा संगणकी कार्यक्रम) चालवायचं, तर हवामानाच्या माहितीसाठी सहसा दोन नावं पुढे येतात: युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५-लँड (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून बनवलेला हवामानाचा संच) आणि आपल्या हवामान खात्याचा पावसाचा ग्रिड, म्हणजे नकाशाच्या चौकटीनिहाय आकडे.

ईआरए५-लँड १९५० पासून दर तासाचा, सुमारे ९ किलोमीटरचा. पाऊस, तापमान, दाब, वारा, दोन्ही विकिरणं (सूर्याचं आणि वातावरणाचं) असं सगळं त्यात आहे. आर्द्रता तेवढी दवबिंदूवरून काढावी लागते. हवामान खात्याचा पाऊस १९०१ पासून, ०.२५ अंशांचा, पण दिवसाला एकच आकडा. तापमान १ अंशाचं, म्हणजे गोव्यापुरतं जवळपास निरुपयोगी. नुसत्या त्यावर मॉडेल चालत नाही.

तरी ९ किलोमीटरला भुलू नका. ईआरए५-लँडमध्ये तापमान, दाब, आर्द्रता उंचीनुसार सुधारलेली असतात. पाऊस मात्र मूळ ईआरए५च्या ३१ किलोमीटरच्या ग्रिडवरून मधल्या जागा भरून आलेला. पणजीला पडतो तेवढाच पाऊस वाळपईला पडत नाही, हे सत्तरीतल्या कुठल्याही कुळागरवाल्याला (सुपारीच्या बागायतदाराला) विचारा. घाटाचा पाऊस हवा असेल तर पर्जन्यमापकांवर उभा असलेला खात्याचा ग्रिड मला जास्त भरवशाचा वाटतो.

मॉडेलचं उत्तर विचित्र आलं, की मातीच्या गुणांकांना हात लावण्याआधी घड्याळ तपासा. ईआरए५-लँडमधला पाऊस आणि विकिरण ००:०० यूटीसीपासून (जागतिक प्रमाण वेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) साठत जातात. ००:०० चा आकडा म्हणजे आदल्या पूर्ण दिवसाची बेरीज. लागोपाठच्या तासांची वजाबाकी करायची, आणि ०१:०० चा आकडा तसाच ठेवायचा. वजाबाकी विसरलात तर पाऊस दिवसभर वाढतच जातो, आणि ०१:०० चा अपवाद विसरलात तर यूटीसीच्या मध्यरात्रीनंतर ऋण होतो. मग पाऊस मीटरमधून मिलिमीटर प्रति सेकंदात आणा, विकिरणाला ३६०० ने भागा. गोव्यात सूर्य साधारण साडेबारानंतर माथ्यावर येतो. तुमच्या फाइलीतलं ऊन पहाटे सातला शिगेला पोचत असेल, तर यूटीसीला भारतीय वेळ समजलात.

खात्याचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो. १० जूनचा आकडा म्हणजे ९ च्या सकाळपासूनचा पाऊस. शिवाय समुद्रावर आणि माहिती नसलेल्या जागी पावसाच्या फाइलीत -९९९ असतं, तापमानाच्या फाइलीत ९९.९. हा दुसरा जास्त लबाड: शेजारच्या खऱ्या आकड्यात मिसळला की ६० अंशांसारखं काहीतरी येतं आणि मॉडेल मुकाट्याने पुढे जातं.

बाष्पीभवन किंवा मातीचं तापमान हाच विषय असेल, तर ईआरए५-लँड एकटा पुरे. किनाऱ्यावरच्या समुद्राच्या रिकाम्या चौकटी तेवढ्या जवळच्या जमिनीवरच्या चौकटीने भरा. नदीचं पाणी मोजायचं असेल तर जोडकाम करा: एकूण पाऊस खात्याचा, तासांची वाटणी ईआरए५-लँडची, दोन्ही ८:३० ते ८:३० जुळवून. दिवसाचा पाऊस २४ तासांत सारखा वाटू नका. रिमझिम झाली की बरंच पाणी पानांवरूनच उडून जातं आणि ओढ्यात कमी उतरतं. आणि ज्या दिवशी खात्याकडे पाऊस आहे पण ईआरए५-लँड कोरडा, तिथे शून्याने भागाकार होतो. त्या दिवसांसाठी शेजारच्या चौकटीची वाटणी वापरा.