कोपिंग लेझरची, पण धातू कोणता? : सोलापुरातील दवाखान्यातून दीड वर्षाचा अनुभव

दातावरच्या कॅपमध्ये सिरॅमिकच्या खाली धातूची जी पातळ टोपी असते, तिला आम्ही दंतवैद्य कोपिंग म्हणतो. गेले दीड वर्ष मी माझ्या सोलापुरातील दवाखान्यात ओतीव निकेल-क्रोमच्या कोपिंग जवळजवळ बंद केल्या असून लेझरने धातूचे चूर्ण वितळवून बनवलेल्या कोबाल्ट-क्रोमच्या कोपिंग वापरते. मी सिलिकॉनचे माप घेते, येथील लॅब त्यावरून डाय, म्हणजे दाताची प्रतिकृती, काढून स्कॅन करते, संगणकावर आराखडा होतो आणि फाइल पुण्याला जाते. तेथे लेझर यंत्रावर छापलेल्या कोपिंग प्लॅस्टिकच्या डबीतून रात्रीच्या बसने परत येतात आणि त्यांवर सिरॅमिक चढवण्याचे काम पुन्हा सोलापुरातच होते. हे परीक्षण या कोपिंगचे आणि या दोन गावांत वाटल्या गेलेल्या सेवेचे आहे. लॅबची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत.

प्रथम बसण्याविषयी. कॅपची कड आणि दात यांच्यातील फट १२० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर ती चालण्यासारखी मानावी, असे मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली मांडले आणि आजही हाच आकडा सांगितला जातो. दवाखान्यात मायक्रॉन मोजता येत नाहीत. मी कोपिंगच्या आत पातळ सिलिकॉन भरून ती दातावर दाबते, काढते आणि आतला थर उजेडात पाहते. ओतीव कोपिंगमध्ये हा थर दोन-तीन ठिकाणी फाटलेला आणि त्यातून धातू डोकावताना दिसे, मग तेवढी जागा घासून पुन्हा बसवून पाहावे लागे. लेझरच्या कोपिंगमध्ये तो बहुतेक वेळा कांद्याच्या पापुद्र्यासारखा सगळीकडे सारखा येतो. कारण उघड आहे : ओतीव कामात नमुन्याचे मेण वाकणे, साच्याच्या मसाल्याचे फुगणे आणि वितळलेला धातू थंड होताना आकसणे या तिन्ही अडचणी येथे टळतात, कारण यंत्र नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूत साधारण २० ते ५० मायक्रॉन जाडीचे चूर्णाचे थर पसरते आणि लेझर त्यांतील हवा तेवढाच भाग वितळवतो. ठोकळ्यातून कोरलेल्या कोपिंगही मी काही वापरून पाहिल्या. त्यांचा धातू एकजीव असतो, परंतु कोरणाऱ्या हत्याराच्या जाडीपेक्षा अरुंद कोपरा कोरता येत नसल्यामुळे दाताच्या टोकदार कडांपाशी आतून जास्त धातू खरवडला जातो आणि तेथे सिमेंटचा थर जाड होतो. मात्र मापातच कड पुसट आली असेल, तर लेझर ती पुसट कड इमानेइतबारे छापून देतो. तो दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.

धातूचा प्रश्न मला खऱ्या अर्थाने एका विडी कामगार मावशींनी विचारायला लावला. खालच्या दाढेला कॅप बसवायची ठरली, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, “डॉक्टरबाई, खोटं डोरलं घातलं की मानंला खाज सुटती बघा.” खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ येणे हे निकेलच्या ॲलर्जीचे नेहमीचे लक्षण आहे आणि ओतीव कोपिंगच्या नेहमीच्या धातूत निकेलच मुख्य असते. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी, म्हणजे त्वचेवर पट्टी लावून करायच्या ॲलर्जीच्या चाचणीसाठी, पाठवले आणि निकेलबरोबर कोबाल्टचीही तपासणी करायला सांगितली, कारण निकेल न सोसणाऱ्यांपैकी काहींना कोबाल्टही सोसत नाही. त्यामुळे “निकेल नाही, म्हणजे निर्धोक” असे लॅबचे लोक जे छातीठोकपणे सांगतात, ते अर्धेच खरे आहे. मावशींना निकेल सोसत नव्हते, कोबाल्ट सोसत होते. त्यांची कॅप लेझरच्या कोबाल्ट-क्रोममध्ये झाली.

त्यानंतर मी लॅबकडे चूर्णाचे नाव आणि घटकांचे पत्रक मागू लागले. पहिल्यांदा उत्तर आले, “मॅडम, डिजिटल आहे, इम्पोर्टेड आहे.” हे धातूचे नाव नव्हे. दंतधातूंसाठीच्या आय.एस.ओ. २२६७४ या मानकानुसार बेरिलियम आणि कॅडमियम प्रत्येकी ०.०२ टक्क्यांहून अधिक चालत नाही आणि निकेल ०.१ टक्क्याहून अधिक असेल तर ते वेष्टनावर सांगावे लागते. बेरिलियमचा धोका रुग्णापेक्षा धातू घासताना धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कारागिराला अधिक आहे, ही गोष्ट आपण दवाखान्यात बसून सहज विसरतो. दोन आठवडे पाठपुरावा केल्यावर पत्रक आले : कोबाल्ट साठीच्या घरात, क्रोमियम पंचवीसच्या आसपास, उरलेल्यात मॉलिब्डेनम आणि टंगस्टन. आता प्रत्येक रुग्णाच्या कागदांत चूर्णाचे नाव आणि बॅच क्रमांक लिहिला जातो. ओतीव कामात ही खात्री कधीच नव्हती, कारण ओतून उरलेले नळीचे तुकडे पुन्हा वितळवण्याची सवय अनेक लॅबना आहे आणि तशा कॅपमध्ये नेमके काय उतरले हे कोणीच सांगू शकत नाही.

आता तक्रार. सुरुवातीच्या कामांपैकी तीन कॅपचे सिरॅमिक काही महिन्यांतच उडाले. त्यातले एक गृहस्थ शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी खात होते, म्हणून लॅबने सगळे खापर भाकरीवर फोडले. सोलापुरात कडक भाकरीला न टिकणारी कॅप विकणे हाच मुळात विनोद आहे. मी तुटलेली जागा भिंगाखाली पाहिली. सिरॅमिक आतल्या आत तुटले असते, तर धातूवर पांढरा थर राहिला असता. येथे मात्र उघडा, काळपट धातू दिसत होता, म्हणजे पकडच सुटली होती. चौकशीअंती कळले, की येथील कारागीर निकेल-क्रोमसाठीची जुनी पद्धतच चालवत होता : भट्टीत ऑक्साइडचा थर आणायचा आणि त्यावरच ओपेक, म्हणजे धातूचा रंग झाकणारा सिरॅमिकचा पहिला थर, लावायचे. कोबाल्ट-क्रोमवर हा थर सहज जाड होतो, जाड थर ठिसूळ असतो आणि सिरॅमिक त्याच्यासकट निघून येते. चूर्ण बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे ॲल्युमिनाच्या वाळूचा मारा करून पृष्ठभाग स्वच्छ करणे सुरू झाल्यापासून तसा प्रकार पुन्हा घडलेला नाही.

सिरॅमिकची निवडही धातू पाहूनच करावी लागते. कोबाल्ट-क्रोम तापमानाच्या दर अंशाला दशलक्षात सुमारे १४ भागांनी प्रसरण पावतो आणि सिरॅमिकचे प्रसरण त्याहून थोडे कमी असावे लागते, म्हणजे थंड होताना धातू किंचित जास्त आकसून सिरॅमिकला दाबून धरतो. सिरॅमिक दाब सोसते, ताण सोसत नाही. टायटॅनियमचे प्रसरण ९-१० च्या आसपास असल्यामुळे त्याला वेगळे, कमी तापमानाचे सिरॅमिक लागते आणि आमच्या लॅबमध्ये ते नाही, म्हणून तो विषय तेथेच संपला. सोन्याच्या मिश्रधातूंविषयी मला आदर आहे, पण आजच्या भावात रुग्णाला ते सुचवण्याचा धीर होत नाही.

झिर्कोनिया (पांढरे, कणखर सिरॅमिक) असताना धातू कशाला, असे विचारले जाते. दाढ बुटकी असेल आणि चावताना वर जागा कमी मिळत असेल, तर कोबाल्ट-क्रोमची कोपिंग ०.३ मिलिमीटरपर्यंत पातळ चालते आणि खर्चही आवाक्यात राहतो. समोरच्या दातांना मात्र मी ती सुचवत नाही, कारण या धातूची काळपट छटा हिरडीपाशी उमटते.

एकट्या कॅपसाठी आणि तीन दातांच्या पुलासाठी (एकमेकींना जोडलेल्या कॅपसाठी) ही कोपिंग मी निःशंकपणे सुचवेन. लांब पुलाबाबत सावध राहावे. छापलेल्या धातूत ताण साठलेला असतो आणि ज्या पट्टीवर तो छापला जातो तिच्यावरून कापून काढण्यापूर्वी भट्टीत ठेवून तो ताण सोडवला नाही, तर पूल वाकतो. माझा एक पाच दातांचा पूल डायवर नीट बसला आणि तोंडात एका टोकाला डुगडुगला. तो मी परत पाठवला आणि लॅबने विनातक्रार नवा दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तेव्हापासून मेटल ट्राय-इन, म्हणजे नुसता धातू तोंडात बसवून पाहणे, झाल्याशिवाय सिरॅमिक चढवू नये, असे मी चिठ्ठीवर लाल शाईने लिहिते. एक गैरसोय उरतेच : अशी कॅप कधी कापून काढावी लागली, तर एका कार्बाइड बरने (दवाखान्यातल्या यंत्राच्या कापणाऱ्या टोकाने) भागत नाही, आणि त्या दिवशी पुढच्या रुग्णाला अर्धा तास थांबावे लागते.